मासेमारीच्या १४ फुटी रॉडचे तीन तुकडे पुण्याहून देवबागला (मालवणजवळ) कसे पाठवू? (मागच्या वेळी कुरिअरमध्ये मोडलाय)

संगमावरचा
रविवार, रात्री १०:१७

मंडळी मदत हवीय. वडील देवबागला असतात, रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी कर्ली नदीच्या मुखाशी गरवायला (गळाने मासे पकडायला) जातात. त्यांना मी सहा वर्षांपूर्वी १४ फुटी कार्बन सर्फ रॉड (किनाऱ्यावरून गळ लांब फेकायचा) घेऊन दिला होता, तीन तुकड्यांचा. मागच्या वर्षी रिंगा (ज्यांतून तंगूस, म्हणजे गळाची दोरी, जाते) बदलून घ्यायला तो पुण्याला मागवला, काम छान झालं, आणि परत पाठवताना कुरिअरमध्ये टिपचा, म्हणजे टोकाचा बारीक तुकडा मोडला. वडिलांनी पार्सल उघडलं आणि फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, टिप दोन झालीय." भरपाई वगैरे काही मिळाली नाही. आता एका रॉड बांधणाऱ्याकडून नवीन टिप जुळवून घेतलीय, तीन महिने लागले, आणि पूर्ण रॉड पुन्हा माझ्याकडे कोथरूडला आहे. प्रत्येक तुकडा १४८ सेंमी. दिवाळीपर्यंत मला गावी जाता येणार नाही आणि वडील साध्या काठीवर भागवतायत, ते मला बघवत नाही.

कुरिअरवाल्याने या वेळी ६४० रुपये सांगितले, रॉडचं वजन ६०० ग्रॅमसुद्धा नाही. एवढे पैसे घेऊन परत मोडला तर? सुखरूप आणि परवडेल असं कसं पाठवायचं, ज्यांनी पाठवलंय त्यांनी नीट सांगा.

तंगूस_०४
रविवार, रात्री १०:४०

दादा वाईट वाटलं वाचून. आधी हे सांगा की मागच्या वेळी पॅक कसं केलं होतं आणि मोडला नेमका कुठे? टोकाला, मधे की जोडाजवळ? त्यावरून बरंच कळतं.

संगमावरचा
रविवार, रात्री १०:५८

तिन्ही तुकडे एकत्र धरून वर्तमानपत्र, त्यावर बबल रॅप तीन-चार वेढे, मग टीव्हीचा खोका कापून लांब डबा बनवला, तो एवढा लांब होईना म्हणून दोन पुठ्ठे मधे चिकटपट्टीने जोडले. वर लाल अक्षरात नाजूक, दाबू नये वगैरे लिहिलं होतं. टिप मोडली ती टोकापासून साधारण ५० सेंमीवर आणि वरच्या दोन रिंगा वाकल्या. बट (हातात धरायचा जाड तुकडा) आणि मधल्या तुकड्याला काही झालं नाही. पुठ्ठा आला तेव्हा मधे जोडावर दुमडलेला होता असं वडील म्हणाले.

अलिबाग_सर्फ
सोमवार, सकाळी ७:२५

जोडावरच गेला म्हणजे. लांब पार्सल हबमध्ये पट्ट्यावरून जाताना वळणावर अडकतं, नाहीतर पोत्यांच्या ढिगावर आडवं पडतं आणि दोन्ही टोकं अधांतरी राहतात, वर कोणीतरी वीस किलोचं पोतं टाकतो. पुठ्ठ्याचा जोड हाच सगळ्यात कच्चा भाग, तिथे दुमडला की आतली टिप त्याच्याबरोबर दुमडणार. मी सरळ पीव्हीसी पाईप वापरतो, बाथरूमच्या सांडपाण्याचा ४ इंची, दोन्ही बाजूला टोपण. आजवर पाच रॉड पाठवले, एकही मोडला नाही. पाईपवर माणूस उभा राहिला तरी काही होत नाही.

संगमावरचा
सोमवार, सकाळी ८:०२

धन्यवाद. पण ४ इंची पाईप म्हटल्यावर कुरिअरवाला अजून जास्त सांगतोय, ८५० च्या वर. त्याने मशीनमध्ये लांबी रुंदी घातली आणि म्हणाला वजन पावणेपाच किलो. काट्यावर तर तीन किलोसुद्धा भरत नाही.

हिशेबी_डिस्पॅच
सोमवार, दुपारी १:१०

मी भोसरीच्या एका कारखान्यात सतरा वर्षं डिस्पॅच सांभाळते, शाफ्ट, पट्ट्या, सळया असलं लांब सामान रोज पाठवतो म्हणून लिहिते. तुम्हाला पैसे वजनाचे पडत नाहीयेत, जागेचे पडतायत. कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेतात आणि बहुतेक जण त्याला ५००० ने भागतात, जे किलो येतात ते आणि काट्यावरचे किलो यात जे जास्त त्याचं बिल. गोल पाईपलासुद्धा चौकोनी डबा धरून मोजतात, आणि मोजतात कुठे, तर जिथे सगळ्यात जाड आहे तिथे. ४ इंची पाईपचं टोपण पाईपच्या बाहेरून बसतं, म्हणजे पाईप ११ सेंमी असला तरी टोपणापाशी तो १२ च्या पुढे जातो. १२ × १२ × १६२ करा, २३३२८, भागिले ५०००, साडेचार किलोच्या वर. पाऊण सेंमी पुढेमागे झालं की पावणेपाच. झालं ना जुळून?

आता हाच हिशेब ७५ मिलिमीटरच्या पाईपला लावा. ७.५ × ७.५ × १५६ म्हणजे ८७७५, भागिले ५०००, पावणेदोन किलो. लांबी जवळपास तीच, पण बिल निम्म्याहून कमी, कारण जाडी दोनदा गुणली जाते. त्यामुळे लांबी कमी करायच्या मागे लागू नका, ती तुमच्या हातात नाहीये, जाडी कमी करा. आणि बाहेरचं टोपण काढून टाका. आमच्याकडे आम्ही सुताराकडून पाईपच्या आतल्या मापाच्या लाकडी चकत्या करून घेतो, इंचभर जाड, ती चकती आत सरकवायची आणि पाईपच्या बाहेरून तीन छोटे स्क्रू आडवे मारायचे. टोक सपाट राहतं, माप वाढत नाही आणि टोपणासारखं निघूनही येत नाही. चिकटवलेलं नसेल तर टोपण धक्क्याने निघतं, मी डोळ्याने बघितलंय, आणि निघालं की आतलं सामान रस्त्यात.

पोस्टाचं म्हणाल तर स्पीड पोस्टला लांबीची मर्यादा दीड मीटर. तुमचा तुकडाच १४८, त्यात दोन्हीकडे गादी आणि चकती आली की गेलातच पुढे. कोणाचा १३ फुटी तीन तुकड्यांचा असेल तर तुकडा १३७-१३८ ला येतो, त्यांनी मात्र पोस्टात जरूर चौकशी करावी.

तंगूस_०४
सोमवार, दुपारी १:३४

ताई हे भारी सांगितलंत. मी इतकी वर्षं ४ इंचीच वापरत होतो आणि बिल देत होतो. पण सर्फ रॉडची खालची रिंग मोठी असते, ४० मिमीची तरी असेल, ७५ च्या पाईपमध्ये तीन तुकडे रिंगांसकट जातील का हो?

रिंगवाला_दादर
सोमवार, रात्री ९:५०

मी रॉड दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे मोडलेले रॉड माझ्याकडे येतातच, त्यातले बरेच प्रवासात मोडलेले. जरा सविस्तर लिहितो.

कार्बनचा रॉड वाकवल्याने सहज मोडत नाही, वाकायलाच बनवलाय तो. मोडतो चिरडल्याने आणि एका जागी बसलेल्या टोल्याने. आतून पोकळ नळी आहे, भिंत टिपकडे मिलिमीटरभरसुद्धा नसते, तिच्यावर दुसऱ्या तुकड्याची रिंग आदळत राहिली की तिथे बारीक चीर पडते. ती चीर वरून दिसत नाही, वार्निश शाबूत असतं. मग माणूस किनाऱ्यावर जाऊन पहिल्याच जोरात फेकतो आणि रॉड फटाक्यासारखा फुटतो, आणि वाटतं रॉडच खराब होता. म्हणजे बाहेरचं पोतं हा अर्धाच शत्रू आहे, दुसरा शत्रू आतच आहे, शेजारचा तुकडा. मजबूत पाईपमध्ये सैल ठेवलेला रॉड मी मोडलेला बघितलाय, पाईपला ओरखडाही नव्हता.

म्हणून असं करा. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळायचा, सगळे एकत्र नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर जी काळी फोमची नळी चढवतात ती एसीवाल्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते, स्वस्त असते. ती उभी चिरायची आणि रिंगांच्या मधल्या जागेत वीत वीतभर तुकडे रॉडवर बसवायचे. टिपला पूर्ण लांबी. मग बटचं तोंड एकीकडे आणि टिपचं तोंड उलटीकडे असं ठेवायचं, म्हणजे जाड बाजू बारीक बाजूच्या शेजारी येते आणि जुडी सगळीकडे सारखी होते. प्रत्येक तुकडा थोडा थोडा फिरवून बघा, एकाची रिंग दुसऱ्या दोघांच्या मधल्या खाचेत बसेल अशी एक जागा सापडतेच, घाई करू नका, त्यात दहा मिनिटं गेली तरी चालतील. सापडली की चार ठिकाणी बांधा, पण ब्राऊन टेप लावू नका, तिचा गोंद वार्निश उचलून काढतो. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याही नकोत, उन्हात चिकटतात. पायजम्याची सुती नाडी सगळ्यात उत्तम. गाठ मारताना आवळायचं नाही, जुडी उचलली की तुकडे एकमेकांवर सरकू नयेत इतपतच.

जोडाची टोकं विसरू नका. जिथे एक तुकडा दुसऱ्यात बसतो ते उघडं तोंड म्हणजे पातळ कड, तिला टवका उडाला तर तो चिरत वर जातो. तिथे आत बुचासारखं काहीतरी घट्ट न करता बसवा आणि वरून कापड. एकात एक तुकडे सरकवून लांबी वाचवायचा मोह होतो लोकांना, तो रिंगा नसलेल्या पोलला ठीक, तेही मधे कापड घालून. रिंगांच्या रॉडला ते जमतच नाही.

तंगूस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की जुडी बांधून ती घेऊन सरळ हार्डवेअरच्या दुकानात जा आणि ७५ चा कपलर मागा, दोन पाईप जोडायची ती आखूड बांगडी. ती जुडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडकता सरकली पाहिजे. कपलरचं आतलं माप पाईपच्या बाहेरच्या मापाएवढं असतं, म्हणजे पाईपची पोकळी त्याहून चार-पाच मिमी कमी, ते ध्यानात ठेवून थोडी ढिली सरकली तरच ७५ घ्या. अडकली तर ९० चा पाईप घ्या. तोही मिळतो, फक्त लोकांना ७५ आणि ११० (म्हणजे ४ इंची) च माहीत असतात.

हिशेबी_डिस्पॅच
सोमवार, रात्री १०:०५

९० ला ९ × ९ × १५६ भागिले ५०००, अडीच किलो. तरी ११० च्या जवळपास निम्मंच.

फ्लेक्स_कोल्हापूर
मंगळवार, सकाळी ११:२०

माझा फ्लेक्स प्रिंटिंगचा धंदा आहे म्हणून एक सांगतो. फ्लेक्सचा रोल ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर येतो ती ३ इंची पोकळीची, जाड भिंतीची, चांगली टणक असते, ४ फुटांपासून १० फुटांपर्यंत मिळते, आणि संपलेल्या रोलच्या नळ्या आम्ही भंगारात देतो. कुठल्याही प्रिंटिंगवाल्याकडे जाऊन मागितली तर दहा-वीस रुपयांत नाहीतर फुकटच देईल. करवतीने हव्या त्या लांबीला कापा. कापडवाल्यांकडेही नळ्या असतात पण त्या बहुतेक बारीक आणि पातळ, त्यात टिप सोडून काही बसणार नाही. दोन बारीक तुकड्यांच्या पोलला मात्र त्याही चालतात.

अलिबाग_सर्फ
मंगळवार, दुपारी १२:४५

पण पुठ्ठा भिजला की खेळ संपला. कोकणात पाठवायचंय, तेही पावसाळ्यात.

फ्लेक्स_कोल्हापूर
मंगळवार, दुपारी ३:१०

बरोबर आहे, पावसात बाहेरून फ्लेक्सचाच एक जुना तुकडा गुंडाळून टेप मारावा लागतो, आणि ओल धरली की टोकं उलगडायला लागतात. वजनही पीव्हीसीपेक्षा जास्त भरतं हे कबूल. सुक्या दिवसांत आणि एकदाच पाठवायचं असेल तर पुठ्ठा, रॉड येत-जात राहणार असेल तर पीव्हीसी, असं म्हणतो मी.

बांबूप्रेमी
मंगळवार, सायंकाळी ६:००

यात एक भर. ज्यांच्या कळकाच्या जुन्या काठ्या आहेत, पितळी जोडाच्या, त्यांनी त्या बंद पाईपमध्ये घालताना फार काळजी घ्या. आजोबांची काठी मी एकदा हवाबंद करून पाठवली, आत थोडी ओल राहिली होती, आठ दिवसांनी उघडली तर पांढरी बुरशी आणि दोऱ्याची गुंडाळी सुटलेली. आधी दोन दिवस सावलीत वाळवा, पाईपला टोकाजवळ दोन बारीक भोकं पाडा, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, औषधाच्या आणि बुटांच्या डब्यात येतात त्या जमवून ठेवते मी. आणि पाईप नसेलच मिळत तर बुरुडाकडून चार कामट्या घ्या, रॉडपेक्षा वीतभर लांब, त्या जुडीच्या चार बाजूंनी लावून बांधा, हात मोडल्यावर लाकडाच्या पट्ट्या बांधतात तसं. ही आजोबांचीच पद्धत, ते एसटीच्या टपावर काठ्या अशाच टाकून न्यायचे.

कर्लीकाठ
मंगळवार, रात्री ८:३३

मी तारकर्लीचो. ह्या कुरिअरच्या नादाक लागू नकात. ट्रॅव्हल्सच्या गाडयेक घाला आणि निवांत ऱ्हवा.

बाकीच्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. पुण्याहून मालवणला रात्रीच्या गाड्या येतात, कोल्हापूरवरून घाट उतरून कणकवली-कसालमार्गे, सकाळी मालवण. आमच्याकडचं अर्धं सामान तसंच येतं, औषधं, मशीनचे पार्ट, लग्नाच्या पत्रिका. कुरिअरमध्ये पार्सल चार-पाच ठिकाणी उतरतं चढतं, चार-पाच हात लागतात. ट्रॅव्हल्समध्ये पुण्याला एकदा ठेवलं की मालवणलाच उतरणार, दोनच हात. रॉडसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त काही गोष्टी सांभाळा. ऑफिसात न देता गाडीवर जाऊन क्लीनरच्या हातात द्या आणि कुठे ठेवतोय ते बघा. सगळ्यात आधी ठेवायला लावू नका, त्याच्यावर बॅगा येतात. डिकीत सगळं भरून झालं की वर उभा-आडवा सरकवायला सांगा, नाहीतर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बाजूला उभा तिरका बांधून ठेवतात तेही चालतं. मागच्या इंजिनाकडची बाजू नको. चिठ्ठी घ्या, गाडी नंबर घ्या, क्लीनरचा मोबाईल घ्या, आणि तो नंबर वडिलांना पाठवा.

रिंगवाला_दादर
मंगळवार, रात्री ८:५२

इंजिनाची बाजू नको हे अगदी महत्त्वाचं. टिपची शेवटची रिंग बहुतेक वेळा गरम करून वितळवायच्या गोंदाने बसवलेली असते, मुद्दामच, म्हणजे बदलता येते. तापली की ती फिरते किंवा निघते. गाडीच्या काचेत उन्हात रॉड ठेवला तरी तेच.

हिशेबी_डिस्पॅच
मंगळवार, रात्री ९:१५

ट्रॅव्हल्सचं माझंही मत चांगलं आहे, पण एक ध्यानात ठेवा, तिथे भरपाई वगैरे काही नसते, चिठ्ठीवर बारीक अक्षरात मालकाच्या जोखमीवर लिहिलेलं असतं. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवरही ओनर्स रिस्क असं छापलेलं असतं. कुरिअरमध्येही किंमत जाहीर करून विमा घेतला नसेल तर हातात येते ती नाममात्र रक्कम. तुमचं मागच्या वेळी तेच झालं असणार. त्यामुळे कुठूनही पाठवा, पॅक करताना प्रत्येक पायरीचा फोटो, जुडी बांधल्यावर एक व्हिडिओ, आणि पोचल्यावर उघडतानाचा सलग व्हिडिओ. पत्ता आणि दोन मोबाईल नंबर पाईपवर दोन जागी मार्करने, वरून पारदर्शक टेप, आणि एक चिठ्ठी पाईपच्या आतही. बाहेरचं लेबल निघालं तरी आतल्या चिठ्ठीवरून माल घरी आलेला मी अनेकदा बघितलाय.

एडिसनकर
बुधवार, सकाळी ६:४०

मी न्यू जर्सीत असतो, माझ्या मामाला रत्नागिरीला रॉड पाठवायचा होता म्हणून हा धागा वाचतोय. इथे तर लांबीचंच दुखणं आहे, २०२२ च्या एप्रिलपासून इथल्या पोस्टाने २२ इंचांच्या पुढे एक आणि ३० इंचांच्या पुढे त्याहून मोठा असा वेगळा जादा दर लावलाय, म्हणजे नुसता विकणाऱ्याकडून माझ्या घरी यायलाच लांब पार्सल महाग पडतं. भारतात गिफ्ट असं लिहून पाठवलं तर ड्युटी लागत नाही ना?

हिशेबी_डिस्पॅच
बुधवार, सकाळी ९:३०

नाही हो, ते जुनं झालं. डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून ड्युटीमुक्त सोडवून घ्यायची सवलत बंद आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. ड्युटी भरून भेट पाठवता येते. कागदावर खरी किंमत आणि खरं नाव लिहा, रॉड-गळ हे सगळं ९५०७ या कोडखाली येतं. खोटी किंमत लिहिली आणि पार्सल अडकलं तर मामांना हेलपाटे मारावे लागतील.

रिंगवाला_दादर
बुधवार, सकाळी १०:१२

एडिसनकर, तुम्ही स्वतः येणार असाल तर चार तुकड्यांचा १२ फुटी घ्या, तुकडा मीटरच्या आत येतो. विमानाच्या सामानाला लांबी रुंदी उंचीची बेरीज साधारण १५८ सेंमी धरतात, मीटरचा ९० मिमी पाईप सव्वाशेच्या आत बसतो. संगमावरच्यांचा मात्र १५६ अधिक ९ अधिक ९ म्हणजे बाहेर जातो. आणि विमानाने न्यायच्या पाईपला ताई म्हणतात तशी स्क्रूची चकती नको, तपासणीत उघडावा लागला तर कापून काढतील. आट्याचं झाकण असलेला जोड मिळतो, सांडपाण्याच्या लाइनवर सफाईसाठी लावतात तो, तो बसवा.

संगमावरचा
शनिवार, रात्री ११:४५

सगळ्यांचे मनापासून आभार, आज गाडीवर देऊन आलो, काय काय केलं ते लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल.

फोमची नळी एसीच्या दुकानातून घेतली, ६ फुटी दोन, १४० रुपये. जुडी जुळवायला दहा मिनिटं नाही, पाऊण तास लागला. मोठी रिंग कुठेही नेली तरी बाहेरच येत होती. शेवटी बायको म्हणाली मधला तुकडा टोकाकडून नाही, चार बोटं खाली सरकवून बघ, आणि ती रिंग बरोबर टिपच्या दोन रिंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. हाताला कळलं ते, जुडी एकदम गप्प झाली, हलवली तरी आवाज नाही. नाडीने पाच ठिकाणी बांधली. मग तीच घेऊन हार्डवेअरवाल्याकडे गेलो, त्याला वाटलं हा काय प्रकार, पण समजावून सांगितल्यावर त्याने स्वतःच कपलर काढून दिला. ७५ चा मोठ्या रिंगेवर अडकला. जोर केला असता तर गेला असता, पण नाही केला. ९० चा हळूच खालपर्यंत सरकला. ९० चा पाईप त्याने मापाला कापून दिला, कडा कानशीने घासून दिल्या, १९० घेतले. सुताराने लाकडी चकत्या पन्नास रुपयांत दोन करून दिल्या. चकतीच्या आतल्या बाजूला जुन्या स्लिपरचा सोल गोल कापून चिकटवला, दोन्हीकडे दोन दोन थर, आणि शेवटची चकती थोडी दाबून बसवून स्क्रू मारले. मुलाने कान लावून पाईप हलवला आणि म्हणाला बाबा आत काहीच नाहीये.

काट्यावर दोन किलो भरला. कुरिअरवाल्याला सहज विचारलं, आता त्याने ४१० सांगितले. गाडीवाल्याने २०० घेतले. कात्रजला उभा होतो, डिकी भरून झाल्यावर क्लीनरने बॅगांच्या वर सरकवला, इंजिनापासून लांब, फोटो काढू दिला. वडिलांना नंबर पाठवलाय. झोप येईल असं वाटत नाही.

कर्लीकाठ
रविवार, सकाळी ७:०५

गाडी कसालाक पोचली काय सांगा. मी बाजारात जातंय, गरज पडली तर स्टँडवर थांबतंय.

संगमावरचा
रविवार, सकाळी १०:२०

पोचला!! वडील स्वतः स्टँडवर गेले होते सहापासून, गाडी पावणेआठला आली. घरी व्हिडिओ कॉल लावून उघडला, स्क्रू काढायला शेजारच्या काकांचा स्क्रूड्रायव्हर आणला. नाडी सोडली, एकेक तुकडा खिडकीशी उजेडात धरून फिरवत बघितला. मग त्यांनी आईकडून कापूस मागितला आणि प्रत्येक रिंगेच्या आतून बोळा फिरवला, कुठे तंतू अडकतो का बघायला, अडकला तर आतल्या कड्याला चीर आहे म्हणे, तंगूस कापतं. एकही अडकला नाही. तिन्ही तुकडे जोडून ओटीवर उभे राहिले तर रॉड पत्र्याला लागला. आज भरती संध्याकाळी आहे.

रिंगवाला_दादर
रविवार, सकाळी १०:३१

कापसाची युक्ती वडिलांना माहीत आहे म्हणजे रॉड योग्य हातात गेला. एकच सांगा त्यांना, पहिले चार-पाच फेके अर्ध्या जोराने, जोड पुन्हा एकदा घट्ट बघून मग पूर्ण ताकद.

तंगूस_०४
रविवार, दुपारी १२:१५

फार बरं वाटलं. दादा, तो ९० चा पाईप आता काय करणार? माझ्या चिपळूणच्या मामाचा १४ फुटी माझ्याकडे पडून आहे, मीही पुण्यातच असतो.

संगमावरचा
रविवार, दुपारी १२:४०

वडील गुरुवारच्या गाडीने परत पाठवतायत, चकत्या आणि स्क्रू आतच टाकून. शुक्रवारी सकाळी साडेसहाला कात्रजला या, चिठ्ठीवर तुमचाच नंबर लिहायला सांगतो. फोमही त्यातच आहे, फक्त नाडी तुमची आणा, ती वडिलांनी गळाच्या पिशवीला बांधून टाकलीय.